मिठाच्या वाफ्यात हेडस्पिन

तर प्राप्तीचा सगळा प्रॉब्लेम जमिनीचा होता. नाच होता अंगात, पण नाचायला सपाट जागाच नाही! ओटीवर आई ओरडणार, गच्चीवर सुकी मासळी, शाळेच्या व्हरांड्याला नवं कुलूप. आणि रविवारी अलिबागला हिप-हॉपची स्पर्धा. प्राप्ती, मितेश, रुचिका, अमिषा असा चौघांचा 'खारेपाट क्रू' पहिल्यांदाच स्टेजवर चढणार होता.

प्राप्ती म्हणजे कशी, हजेरीला 'प्रेझेंट' बोलली तरी सरांना ऐकू जायचं नाही. हळदीला अख्खं गाव नाचायचं, तेव्हा ही मंडपाच्या खांबाला चिकटून. मग मोबाईलवर हिप-हॉपचे व्हिडिओ बघितले आणि गेलीच! तिथे कुणी लाजत नाही, कुणाला गोड दिसायचं नसतं. पाय आपटायचा, खांदे फेकायचे, 'मी हाय' असं अख्ख्या अंगाने सांगायचं. तोंड उघडायची गरजच नाही.

गुरुवारी संध्याकाळी मितेशने शोध लावला. "अगं, तुझ्या आजाचा वाफा! नुसता आरसा हाय."

खरंच होता. बुधाजी आजाकडे मिठागरात आता तीनच वाफे उरलेत. त्यातल्या एकाचा चिखल त्याने आठ दिवस पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत तळ केला होता. प्राप्तीने वाकून टिचकी मारली. टण्ण! "चालेल," ती बोलली. मिठागरवाल्याची नात, पण वाफ्यात शेवटची उतरली होती तिसरीत असताना. तळ आधी वरून सुकतो, आतून ओलाच असतो, हे ती पार विसरलेली.

मग काय! मितेश पाठीवर भिंगरीसारखा फिरला. प्राप्तीने तर डोक्यावर उभं राहून तीन गिरक्या घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा! अंधारायला लागलं तशी चौघं ओरडत घरी पळाली. मागे वळून कोण बघतंय?

शुक्रवारी सकाळी आजाने बघितलं. गुडघ्यांचे खड्डे, कोपरांचे खड्डे आणि मधोमध वाटीएवढं एक गोल भोक.

"हितं डोका कुनी घातलाय?"

प्राप्तीने मान खाली घातली. पण तिच्या केसात चिखल अजून तसाच होता.

रविवारी अमावस्येचं उधाण. दुपारी उघाडीची, म्हणजे बांधातल्या दाराची, फळी वर करून खाडीचं पाणी आत घ्यायचं. तळ फुटका राहिला तर पाणी झिरपणार आणि मीठ काळं पडणार. प्राप्तीचा बाबा, जीवन, बंदरात ट्रेलर चालवतो. त्याने तिथल्या तिथे निकाल लावला. "अलिबाग बंद. पाय दिलेत देवानं, ते सोडून डोक्यावर फिरतंय!"

"थांब रं," आजा बोलला. "मोडलाय त्यांनी, भरतील पन तेच. रविवारी तळ पास झाला तर जातील."

आजाची परीक्षा साधी. टाच रोवायची, खूण उठली तर नापास.

चौघं उतरली चिखलात. एकमेकांच्या खांद्यावर हात, एका ओळीत, टाचेला टाच लावून. मितेशने स्पीकर लावला.

"माकडावानी उडताव कशाला?" आजा बांधावरून खेकसला. "गुडघ्यात बसा! वजन खाली सोडा!"

आणि प्राप्ती थबकलीच. मोबाईलवरच्या व्हिडिओतला नाचाचा मास्तर वर्षभर हेच तर ओरडत होता. गुडघ्यात बस, बीट जमिनीत सोड. ती आपली हवेतच उड्या मारत होती! तिने वजन खाली सोडलं. धप्प. आतून काहीतरी जागेवर बसलं.

"आता कसं," आजा बोलला.

रविवारी साडेअकरा. क्रू तयार, पांढरे बूट, रस्त्यावर टमटम हॉर्न मारतेय. आजा टाच रोवत चालला. पास, पास, पास. मधोमध आला आणि टाच रुतली. डोक्याच्या भोकाची जागा!

"जाऊ दे गो, मी बघतो," आजा हळूच बोलला. पण त्याचे गुडघे आठ दिवसांत संपलेले, ते प्राप्तीला दिसत होतं. तिकडे खाडी फुगत चाललेली.

"तुम्ही व्हा पुढे," तिने क्रूला सांगितलं आणि बूट काढले.

कोण जातंय? तिघांनी पण काढले. धप्प, धप्प. पाच मिनिटं झाली, दहा झाली, टमटम निघून गेली. बांधावर तोंड फुगवून उभा असलेल्या बाबाने एकदा घड्याळ बघितलं, एकदा खाडी बघितली, पँट दुमडली आणि थेट प्राप्तीच्या शेजारी! तिच्या खांद्यावर हात टाकला. असा बसला गुडघ्यात की मितेश बघतच राहिला. "काका, तुम्ही तर क्रूमध्येच या!"

"गप तुडव!"

आजाने टाच रोवली. खूण नाही.

"पळा!"

बाबाने शेजारच्यांचा पिकअप मागून आणला आणि असा दामटला की बस. स्टेजवर त्यांचा नंबर पुकारला तेव्हा चौघांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून तडकलेला. पांढरे बूट बांधावरच राहिलेले.

"प्राप्ते!" स्टेजच्या कडेला बाबा उभा. पँट अजून दुमडलेलीच.

"काय?"

"डोक्याचा करशील तवा सांभाळून हां. हितला तळ आजानं केलेला न्हाय."

प्राप्ती फसकन हसली, गुडघ्यात बसली आणि गाणं लागलं.