देव्हाऱ्यातला अर्धचंद्र

भुकूमच्या माळावर, नव्या इमारतींच्या मागे, शीतलबाबाच्या शेडपुढं सकाळी सातलाच दोनशे माणसं जमलेली. कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाला गळू. काल काठी टेकत आलेली रजनी आज काठी खांद्यावर टाकून आली, तसा एकच जयजयकार झाला.

"सूज म्हंजे अंगातला अहंकार!" बाबा गरजला. "विभूती पोटात, अहंकार पसार! पण जेवूनच घ्या. उपाशीपोटी देवी पोट जाळती!"

सगळ्यांत पुढं कोंडिबा. कीर्तनाचा वेडा, गावचा जुना टाळकरी. महिन्यावर आलेल्या सप्ताहाच्या मांडवासाठी तार ओढताना ती त्याच्या पायाच्या अंगठ्यात घुसली आणि पाऊल भोपळ्यासारखं सुजलं. पाय टेकवेना, मग सात दिवस टाळ घेऊन उभा राहणार कसा? बाबाच्या दोन पुड्यांत सूज उतरली, आणि कोंडिबा बाबाचा बिनपगारी भोंगा झाला. हिंजवडीला जाणारे त्याचे भाडेकरूसुद्धा सुटले नाहीत. त्यात पहिल्याच पुडीतून पांढरा, गुळगुळीत अर्धचंद्र निघाला होता. महादेवाचाच प्रसाद! तो देव्हाऱ्यात गेला. रोज गंध, रोज फूल.

पहिल्या पुडीपासून बाराव्या दिवशी अंगठा काळानिळा पडला, अंगात थंडी भरली. "लई झाली भक्ती, चला!" म्हणत सगुणाबाईनं नवऱ्याला पौडला डॉक्टर अफरीनकडं नेलं.

"भूक कशी आहे, काका?" दोन पुड्यांत सूज उतरल्याचं ऐकून डॉक्टरांनी विचारलं.

"लई! पाच भाकरी खातोय."

"आणि झोप?"

"न्हाई लागत. नामस्मरण चालतंय."

"त्यापायी मलाबी झोप न्हाई," सगुणाबाई म्हणाली.

"औषध जेवूनच घ्यायचं, असं सांगितलंय का?"

कोंडिबा चमकला. "तुमीबी बाबाकडं जाता?"

सगुणाबाईनं पदराची गाठ सोडून एक पुडी आणि तो अर्धचंद्र टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी खणातून एक गोळी काढली, मधल्या रेघेवर मोडली आणि अर्धी त्याच्याशेजारी ठेवली. हुबेहूब!

"हे स्टेरॉइड दिसतंय, राखेत कुटून घालताना अख्खा राहिलेला तुकडा. भूक वाढते, झोप उडते ती यानंच. राख तपासायला पाठवू. काका, जखमेत जंतू शिरले की तिथल्या पेशी प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं म्हणजे हाक. ती ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी लढायला धावतात. लाली, ऊब, सूज ही त्या धावपळीचीच. गोळीनं हाक दाबली. सूज उतरली, जंतू आत वाढत राहिले."

"म्हंजे बुवांनी ध्रुपद धरलं, टाळकरी उठले, आन् कुणी बुवांचंच तोंड दाबलं?"

"अगदी तसंच."

"आन् त्या तोंड दाबणाऱ्याला मी गंध लावत व्हतो!"

अंगठा काढावा लागला. राखेत स्टेरॉइड सापडलं आणि बाबाला पोलिसांनी उचललं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी कोंडिबा खुर्चीत बसून टाळ वाजवत होता. कीर्तन संपल्यावर त्यानं माइक मागितला.

"मंडळी, मी बारा दिवस अर्ध्या गोळीची पूजा केली. मला अक्कल यायला अंगठा लागला, तुमी फुकट घ्या. विठ्ठलाला मी मानतो, उद्याबी मानीन. पण सूज डॉक्टरला दाखवायची. कुणी चमत्कारानं बरं करतो म्हणाला, तर विचारा, पुडीत काय हाय? सांगत नसंल, तर घेऊ नका."

रजनीनं कनवटीची पुडी काढली. "कोंडिबा, मला तिकडं तुमीच नेलंवतं की वो!"

"व्हय बाई. म्हणून तर उद्या पौडला दवाखान्यातबी मीच नेणार हाय. सगळ्यांनी पुड्या घेऊन या. फकस्त हळू चाला, औंदा मी मागं पडतोय."