मॅक्सीन क्लोजअपला थांबली

आमच्या धंद्यात माणसाची पारख क्लोजअपच्या वेळी होते, पण ज्याचा क्लोजअप असतो त्याची नव्हे, समोरच्याची. एकाचा चेहरा टिपत असताना दुसऱ्याने कॅमेऱ्याशेजारी उभं राहून आपले संवाद म्हणायचे असतात. तो पडद्यावर दिसत नाही आणि त्याचा आवाजही मागाहून कापून टाकतात. म्हणून मोठी मंडळी अशा वेळी घरी निघून जातात आणि त्यांचे संवाद ऑफिसातली एखादी मुलगी वाणसामानाची यादी वाचावी तसे वाचते. मी मॅक्सीन कॉर्लीचे केस करते. तिचंच मीठ खाते, तरी सांगते, मॅक्सीनसुद्धा कधी थांबायची नाही.

त्या दिवशी क्लोजअप एव्हरेट टॉलिव्हरचा होता. मूकपटांच्या काळात हॉलिवुडात एव्हरेटची मोटार निघाली की रस्ता अडायचा. तेव्हा तो मॅक्सीनचा नवराही होता. बोलपट आले, तिचं नशीब उघडलं, त्याचं मिटलं, आणि एका सकाळी तो काही न सांगता घर सोडून गेला. आता इतक्या वर्षांनी मॅक्सीनने हट्ट धरून त्याला हे काम मिळवून दिलं होतं. कथाही तिनेच निवडलेली, घर सोडून गेलेला नवरा म्हातारपणी परत येतो, त्याची. मी एकदा विचारलं, "बाई, हे काय चाललंय तुमचं?" तर म्हणाली, "ओपल, तू पिना लाव."

एव्हरेटला वाक्यं आठवत नव्हती. दोन ओळी नीट जायच्या, तिसरीला गाडी रुतायची. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत संवाद लिहून तो कॅमेऱ्यामागे धरला.

"टॉलिव्हरसाहेब, तुमचे डोळे वाचताना दिसतायत," दिग्दर्शक केलॉग म्हणाला. पोरगेलासा होता, पण उर्मट नव्हता.

"माफ करा. पुन्हा घेऊ," एव्हरेट म्हणाला. हातातली टोपी त्याने पार चुरगाळली होती.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. केलॉग मॅक्सीनच्या खुर्चीशी आला आणि हळूच म्हणाला, "आज नाही जमलं तर उद्या दुसरा माणूस आणावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

मॅक्सीन कोट चढवून घरी निघाली होती. तिने कोट माझ्या अंगावर टाकला.

"मूकपटात तू कधी काम केलंयस?" तिने केलॉगला विचारलं.

"मी तेव्हा शाळेत होतो."

"तेव्हा कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक नटाशी बोलत राहायचा. आता ती आली, आता ती रुसली, असं. हा माणूस त्या बोलण्यावर काम करायचा. पाठांतर त्याला कधी आलंच नाही. तो फळा काढ आणि मला तिथे उभी राहू दे."

"पण संवाद?"

"माझा आवाज तू कापणारच आहेस. मग मी काय बोलते याच्याशी तुला काय करायचंय? त्याचा चेहरा बघ."

फळा गेला. मॅक्सीनचे संवाद वाचणारी ऑफिसातली मुलगी बाजूला झाली. मॅक्सीन कॅमेऱ्याला खेटून उभी राहिली.

"का गेलास?" तिने विचारलं. एवढं एक वाक्य कथेतलं होतं.

एव्हरेटची नजर सवयीने फळ्याच्या रिकाम्या जागेकडे गेली. मला वाटलं, आटोपला कारभार. मग तो बोलू लागला.

"लाज वाटायची. तुला सगळं यायचं. तू स्वयंपाकघरात पाठ म्हणायचीस आणि मी पलीकडच्या खोलीत तेच म्हणून बघायचो. दोनदा वाचलं की तुझं तयार. माझं सकाळ झाली तरी नाही. कुत्र्यालासुद्धा पाठ झालं असेल एव्हाना, असं वाटायचं."

कुणीतरी हसलं नि लगेच थांबलं. एव्हरेटही जरासा हसला होता.

"मला एकदा सांगायचंस," मॅक्सीन म्हणाली. "मी अशीच उभी राहिले असते. रोज."

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "म्हणून तर गेलो. तू माझ्यासाठी उभी राहिली असतीस आणि तुझं काम राहून गेलं असतं."

मॅक्सीनला वाक्य सापडलं नाही असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. केलॉग 'कट' म्हणायचं विसरला आणि बराच वेळ कॅमेरा नुसता एव्हरेटचा चेहरा टिपत राहिला. तो चेहरा तिच्याकडे बघत होता. मी तिथे उभी राहून खुशाल रडले.

शेवटी केलॉग म्हणाला, "हाच शॉट ठेवायचा."

"मी बोललो त्यात कथेतलं काहीच नव्हतं," एव्हरेट घाबरून म्हणाला. "मी चुकलो का, मॅक्सीन?"

"नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या ओळीला मी अडले. सांग आता तू."