गिरणाबाई टीव्हीवर

माझा नवरा प्रशील जळगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. त्याच्याइतका भोळा माणूस अख्ख्या खानदेशात शोधून सापडायचा नाही. मी हे त्याच्या तोंडावरही म्हणते.

त्याने एक कॉमिक काढलं होतं, 'गिरणाबाई'. पाटाच्या कामावर माती वाहणारी बाई. डोक्यावर चुंबळ ठेवून पाटी घेतली की तिच्या अंगात अशी ताकद येते, की ती ट्रक उचलते, पूर अडवते, माजोरड्या मुकादमाला जीपसकट झाडावर नेऊन ठेवते. एरवी ती लंगडते, पण ओझं डोक्यावर आलं की ताठ चालते. ही बाई म्हणजे माझी सासू, द्रौपदाबाई. भडगावकडे पाटाच्या कामावर दरड कोसळून त्यांचा डावा पाय अधू झाला, आणि त्याच पायाने पाट्या वाहून त्यांनी लेकाला मास्तर केलं. कॉमिकमधली गिरणाबाई आईंसारखीच अहिराणी बोलायची आणि वाचणारं कोणी तिला हसायचं नाही.

ते कॉमिक एका कार्टून कंपनीने घेतलं. मालिका शनिवारी सकाळी लागणार होती. कॉमिकचा 'सैलसर आधार' घेऊ, असं ते म्हणाले होते. किती सैल, हे आम्ही विचारलं नाही. उलट प्रशीलने आपणहून आईंची चित्रं पाठवली. हनुवटीवरचं गोंदण, पाय ओढत चालण्याची तऱ्हा, सगळं. वर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून तेही दिलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

पहिल्या शनिवारी आम्ही गल्ली बोलावली. आई जयंतीला नेसतात ते पांढरं पातळ नेसल्या. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना झाली, आमच्याकडे चांगल्या कामाची सुरुवात अशीच होते. मग पोहे झाले. शेजारच्या पंडितनानांनी आईंना टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "अक्का, आज तुमना दिवस शे."

कार्टून सुरू झालं आणि पडद्यावर एक पोरगा उडत आला. गोरा, पिळदार दंडांचा. डोक्यावर चांदीचं चमकतं कडं. आमच्या चुंबळीचं त्यांनी हे केलं होतं. टाळ्या कोणासाठी वाजवाव्यात ते कळेना.

"मी कोठे शे रे?" आईंनी विचारलं.

"आते येई, माय," प्रशील म्हणाला.

आणि ती आली. राक्षसाच्या घरची मोलकरीण म्हणून. डोक्यावर पाटी, हनुवटीवर गोंदण, डावा पाय ओढत. दोन पावलं टाकली की ती धपकन पडायची, पाटीतलं शेण तोंडाला फासलं जायचं आणि ती ओरडायची, "पडनू वं माय!" पोरं गडाबडा लोळायला लागली. मोठ्यांनाही हसू आवरेना. पंडितनाना हसले, मग पोह्यांच्या बशीकडे बघत राहिले.

आईंना समजायला वेळ लागला नाही. "हाई ते मनागतच बोलस," आपल्यासारखंच बोलणाऱ्या त्या बाईकडे बघत त्या हळूच म्हणाल्या. मला तो टीव्ही उचलून गटारात फेकावासा वाटला. पण घर माणसांनी भरलेलं, आणि आमंत्रणं आम्हीच दिलेली.

प्रशीलने कंपनीत फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, "सर, तुमची ती बाईच सगळ्यात जास्त चाललीय! पुढचे सगळे भाग तयार आहेत." सही त्याने केलेली, चित्रं त्याने दिलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो रात्रंदिवस आईंची नजर चुकवत घरात वावरायचा, आणि मला त्याचा राग यावा की कीव, हे कळत नव्हतं.

पुढच्या शनिवारी गल्लीतली पोरं न बोलावता आली. कार्टून संपलं तशी आमची संघमित्रा उठून आजीच्या गळ्यात पडली. पहिलीत आहे ती. "आजी, तू अगदी तशीच बोलतेस! तशीच चालतेस! आम्हाला करून दाखव ना गं!"

मी स्वयंपाकघरातून हात उगारूनच बाहेर आले. प्रशील "मित्रू!" म्हणून ओरडला. पण आई उठल्या होत्या. त्यांनी कोपऱ्यातलं घमेलं डोक्यावर घेतलं आणि खोलीभर चालल्या, एरवीपेक्षा जास्त पाय ओढत. मग दाराशी मुद्दाम कोलमडल्या. "पडनू वं माय!"

पोरांनी घर डोक्यावर घेतलं. मित्रू तर हसता हसता आजीच्या कुशीत शिरली. एरवी ती त्यांच्या खोलीत फिरकतही नाही.

"माय, नको ना," प्रशील म्हणाला. तो रडत होता, आणि त्याला ते लपवताही येत नव्हतं.

आईंनी जमिनीवरूनच त्याच्याकडे पाहिलं. "हासू दे रे. पोरं मनाकडे कव्हय इतलं देखतस?"

खरंच, पोरं एरवी त्यांच्याकडे बघत तरी कधी होती? माझा उगारलेला हात तसाच राहिला होता, तो मी खाली घेतला.

"पुन्हा, आजी, पुन्हा!" पोरं ओरडत होती.

आई भिंतीला धरून उठल्या, घमेलं डोक्यावर ठेवलं, आणि पुन्हा पडल्या.