दोन खटके जास्त

"अजून फिरव गो! माझी सासू काय कोळशाची गोन हाय?"

"ममा, पुरे. आजी आहे तशी आली आता."

"तशी? हॉलमध्ये लावायचाय फोटो. पाहुने काय बोलतील?"

रिटा आणि तिची लेक ज्युली पाचूबंदरच्या वाळूत भांडत होत्या, ते माझ्यावरून. मी कॅमेऱ्याच्या डोक्यावरची अधिक-उण्याची चकती बोलतेय. दिसते बटणाएवढी, पण उजेड किती घ्यायचा यात कॅमेऱ्याला उलट बोलायची हिंमत माझ्या एकटीत आहे.

कॅमेरा हुशार, पण हट्टी. कोळसा दाखवा नाहीतर मीठ, त्याला दोन्ही राखेच्या रंगाचं हवं. समोर झगझगीत वाळू आली की डोळे बारीक करतो, आणि तिच्यापुढे उभं असलेलं माणूस काळंठिक्कर पडतं. तेव्हा मला अधिककडे फिरवायचं. एवढंच माझं शास्त्र. फिरवा, पण वेळेवर थांबा, एवढंच माझं मागणं.

माझा पहिला मालक सदानंद नायगावला लग्नाचे फोटो काढायचा. त्यानं मला शून्यावरून कधी हलवलं नाही. पांढऱ्याशुभ्र गाऊनमधल्या किती नवऱ्या मळकट निघाल्या! मी आपली तोंड असून मुकी. ज्युलीनं कॅमेरा जुन्यात घेतला, बघून बघून स्वतःच शिकली. माझ्या खाचांतली धूळ काढणारी ती पहिलीच.

आज समोर अँजेलिना आजी. अंगावर लाल लुगडं, पाठीमागे पांढरी होडी. आजीच्या नवऱ्यानं, पास्कलनं, होडीवर फिकट निळ्या रंगानं बायकोचंच नाव काढलेलं. होड्यांना आशीर्वाद द्यायला आलेले फादर तेव्हा हसले होते, "होडीला संताचं सोडून बायकोचं नाव?" पास्कल आता नाही. होडी उद्या मोडीत जाणार.

पहिल्या फोटोत आजी नव्हतीच, नुसती सावली. ज्युलीनं मला एक खटका फिरवलं आणि बाई गं! त्या काळोखातून चेहरा वर आला. उन्हानं भाजलेले गाल, सुरकुतीन् सुरकुती, डोळ्यांतली ती चमक. इतकी माणसं पाहिली मी, पण माणूस असं उजाडताना कधी पाहिलं नव्हतं. होते तिथेच थिजले.

आणि त्यावर हे भांडण!

"काळी म्हनून लोक हसतात त्यांना," रिटा म्हणाली. "ते मला नाय ऐकवत."

"मग घे, बघ!" ज्युलीनं वैतागून मला आणखी दोन खटके फिरवलं आणि फोटो काढला.

आजी गोरीपान झाली. पण मागची वाळू, पाणी, आभाळ सगळं पांढऱ्यात विरघळलं. होडी गेली. निळी अक्षरं गेली.

"आता कशी!" रिटा खूश.

आजीनं कॅमेरा हातात घेतला. पडद्यावर, जिथं नाव असायला हवं तिथं, बोट फिरवलं. तिचा खरखरीत अंगठा माझ्यावर टेकला होता. मग तिनं सुनेकडे पाहिलं.

"मला गोरी करायला माझ्या म्हाताऱ्यानं लिवलेलं माझं नाव पुसू नको, रिटा."