तालिनच्या बोळात

ऋजुताचा मुळात या ट्रिपलाच विरोध होता. आई सत्तरीला टेकलेली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि अलीकडे आईचं काहीतरी बिनसत चाललं होतं. चहा उकळून भांडं करपायचं. एकदा तर इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर, जिथे तिनं अर्धं आयुष्य काढलं, तिथे घरची बस कुठून सुटते तेच तिला आठवेना. पण मालविका मावशीनं सगळं ठरवूनच टाकलं होतं. मंडळातल्या तिघी मैत्रिणी, डिसेंबरातला वीकेंड आणि बाल्टिक समुद्राकाठचं जुनं बंदर, तालिन. तटबंदी बघायची, लोकरीची खरेदी करायची, संध्याकाळी कुठेतरी गाणंबिणं ऐकायचं.

"अगं, मी आहे ना तिच्याबरोबर," मावशी म्हणाली होती. आणि आईनं, म्हणजे नीनाताईंनी, तर सेलमध्ये नवा कोटसुद्धा घेऊन ठेवला होता.

शनिवारी दुपारी ऋजुता इस्त्री करत असताना फोन वाजला.

"ऋजू, मला कळत नाहीये गं, मी कुठे आहे ते."

आवाज इतका बारीक होता की क्षणभर ऋजुताला तो आईचा वाटलाच नाही. तिनं इस्त्री बाजूला ठेवली. तिचा नवरा अपूर्व सोफ्यावर मॅच बघत होता, त्याला तिनं हातानंच टीव्ही बंद करायला सांगितलं.

"मालविका मावशी कुठे आहे?"

"दुकानात हातमोजे घालून बघत होती. मी जरा बाहेर आले, बुरूज बघायला. मग इकडे वळले, तिकडे वळले... आता दुकानच नाहीये."

"ओके. डोंट वरी. मला तुझी लोकेशन पाठव."

आई म्हणाली, "ते कसं करतात?"

लोकेशन पाठवायला आईच तर सगळ्या मैत्रिणींना शिकवत असे. अपूर्वनं न सांगता स्वतःच्या फोनवरून मावशीला कॉल लावला. रिंग जात होती, कोणी उचलत नव्हतं.

"आई, कुणालातरी विचार. टाउन हॉल स्क्वेअर कुठे, असं."

"मला शब्द सुचत नाहीयेत. इंग्लिश आठवतच नाहीये ऋजू." कौन्सिलच्या ऑफिसात वीस वर्षं लोकांच्या तक्रारी इंग्रजीत ऐकून घेतलेली बाई रडवेली झाली होती. "आणि इथे सगळी प्यायलेली पोरं आहेत. शिंगांच्या टोप्या घालून ओरडतायत."

मागून ढोल वाजवल्यासारखं संगीत आणि पुरुषांचं खिदळणं ऐकू येत होतं. लग्नाआधीची पार्टी करायला इंग्लंडहूनच गेलेलं एखादं टोळकं असणार. तिथे एव्हाना अंधार पडून तास-दोन तास झाले असतील. बर्फही होता. ऋजुतानं लॅपटॉप उघडला, तालिनचा नकाशा मोठा केला. उच्चारताही न येणाऱ्या नावांच्या गल्ल्यांचा नुसता गुंता होता तो. त्यातल्या कुठल्यातरी एका रेघेवर तिची आई उभी होती.

"मराठीतच सांग. तुझा समोर काय आहे?" इंग्लंडमध्येच वाढलेल्या ऋजुतानं विचारलं.

"तुझ्या समोर," आई म्हणाली.

"हां, तुझ्या समोर. काय दिसतो?"

"अरुंद बोळ आहे. वर कमानी. काचेच्या वस्तूंचं एक दुकान आहे. आणि भिंतीवर..." तिचा आवाज थरथरला. "भिंतीवर थडग्यांचे दगड लावलेत गं. मोठाले. माणसाएवढे."

थडगं म्हणजे काय ते ऋजुताला पटकन कळलं नाही. अपूर्व नागपूरहून आलेला, तो हळूच म्हणाला, "टूम्बस्टोन्स." तिनं ते टाइप केलं. पहिल्याच फोटोत तो बोळ आला: दगडी, कमानींचा, उजव्या-डाव्या भिंतींच्या मधून आकाशाची पट्टी. कॅथरीनचा बोळ. चौकापासून जेमतेम दोन वळणांवर.

"आई, मला सापडली तू! आता ऐक. थडगीचे दगड..."

"थडग्यांचे."

"थडग्यांचे दगड ज्या बाजूला आहेत, तिकडूनच सरळ जा. मोठा रस्ता येईल."

बर्फावर बुटांचा कुरकुर आवाज येऊ लागला. मग तो थांबला.

"ऋजू, हे कुठे गेले?"

"कोण हे?"

"हे गं. आत्ता तर माझ्यापुढेच चालत होते. एवढं भराभरा चालायचं, मागे वळून बघायचंच नाही."

ऋजुताला कळायला थोडा वेळ लागला. आईनं आयुष्यभर बाबांना नावानं हाक मारली नव्हती. अपूर्व कानाला फोन लावून तिच्याकडे बघत उभा होता. खरं सांगावं, तर परक्या देशात, अंधारात, थडग्यांच्या दगडांपाशी तिला नवरा पुन्हा एकदा गमवावा लागेल, आणि ती तिथेच बसेल. बर्फात. न सांगावं तर?

"बाबा पुढे गेलेत," ऋजुता म्हणाली. "चौकात थांबलेत. मोठं झाड आहे ना ख्रिसमसचं, तिथे. तू चल."

"तिथे आहेत होय," आई म्हणाली. आवाजातली थरथर गेली होती, हे ऋजुताला सगळ्यात भयंकर वाटलं.

डावीकडे वळ. आता उजवीकडे. दिवे दिसतायत? हो, दिसतायत. मसालेदार वाईनचा वास येतोय, आई म्हणाली. हात फार गारठलेत, फोन खिशात ठेवते. आणि फोन कट झाला.

त्यानंतर ऋजुतानं कितीदा कॉल केला, ते तिलाही सांगता आलं नसतं. आई झाडापाशी पोचेल, बाबा दिसणार नाहीत, मग ती त्यांना शोधायला कुठल्या दिशेनं निघेल? बंदराकडे? समुद्र त्या चौकापासून लांब नव्हता, नकाशावर तर वीतभरसुद्धा नाही. मी तिला खोटं सांगून पाठवली. ती हे अपूर्वला पुन्हापुन्हा सांगत होती. तेवढ्यात मावशीनं फोन उचलला. तीही रडतच होती, गल्ल्यागल्ल्यांतून धावत होती. "झाडापाशी जा," अपूर्व ओरडला, "चौकातल्या झाडापाशी!"

नीनाताई तिथेच होत्या. झाडाला टेकून, गर्दीकडे बघत उभ्या.

सोमवारी ऋजुता तिला स्टॅन्स्टेड विमानतळावर आणायला गेली. आई थकलेली दिसत होती, पण नीट बोलत होती. जुनी फार्मसी पाहिली, टेकडीवरून लाल छपरं पाहिली. शनिवारी सापडल्यावर मावशी म्हणत होती हॉटेलवर जाऊन झोप, पण आईच हट्टानं सगळ्यांना एका तळघरातल्या बारमध्ये घेऊन गेली. तिथे एक बाई अकॉर्डियन वाजवत होती.

"का गेलीस? एवढं झाल्यावर?"

"हॉटेलच्या खोलीत गेले असते, तर पुन्हा बाहेर पडले नसते."

हायवेला लागल्यावर आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू मला खोटं सांगितलंस."

ऋजुतानं स्टिअरिंग घट्ट धरलं. "सॉरी आई."

"झाडापाशी पोचले आणि आठवलं. एकदम. ते गेलेत हे. सगळे फोटो काढत होते आणि मी उभी. पण खरं सांगितलं असतंस, तर मी त्या बोळातून बाहेर आले नसते. म्हणून तुला बोलत नाहीये. पण पुन्हा खोटं सांगू नकोस. मला विसरायला झालं, तरी सांगू नकोस."

ऋजुताला हो म्हणवेना. तसं वचन पाळता येईल याची तिला खात्री नव्हती.

"डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे," आई म्हणाली. "तू ये बरोबर. पण बोलणार मी."

जानेवारीत तपासण्या झाल्या. जे निघायचं भय होतं तेच निघालं: स्मृतिभ्रंश, अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितल्यावर विचारलं, काही शंका आहे का? नीनाताईंनी स्वच्छ इंग्रजीत विचारलं, प्रवास करता येईल का. एकटीनं नको, डॉक्टर म्हणाल्या, कुणीतरी सतत हाताशी हवं.

आईनं मान हलवली आणि कोटाची बटणं लावायला घेतली. वरचं एक चुकलं. ऋजुताचा हात पुढे झाला, पण तिनं तो मांडीवरच दाबून धरला. आईनं बटण काढलं, सावकाश पुन्हा लावलं आणि दाराकडे निघाली.