भुरीचं जेवण

मैना गेली तेव्हापासून भुरी जेवेनाशी झाली. भुरी म्हणजे आमची कुत्री. आमची म्हणजे मैनाची, मी तिच्याकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. जुलैच्या पुरात खारबावला आमच्या घरात पाणी शिरलं नाही. पण मैना लोकांचं सामान काढायला कमरेएवढ्या पाण्यात फिरली. पाणी ओसरलं आणि तिला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यातूनच आलेला ताप आहे, आणायला उशीर झाला.

भुरीला वेगळं भांडं नव्हतं. मैना जेवता जेवता भात कालवून ताटाच्या कडेला सरकवायची आणि भुरी तिथून खायची. मी ओरडायचो. मैना म्हणायची, "तुमच्या ताटातला खाते का? मग गप जेवा."

आता मी भात ठेवला, सुकट घातली, दूध ठेवलं. भुरी वास घ्यायची आणि दारात जाऊन बसायची. माझ्या ताटातलं दिलं, तेही नाही. शेजारून वहिनी यायची, पार्वती, माझ्या मोठ्या भावाची बायको. ती म्हणाली, "भावोजी, कुत्रा हाय तो. भूक लागली का खाईल." पण भुरी पाण्यावरच राहिली. बरगड्या मोजता येतील अशी झाली. आम्हाला मूलबाळ नाही. मैनाच्या हाताखालचं जिवंत असं घरात एवढंच होतं. हिला मरू द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं. दुसरं काही ठरवायला उरलंही नव्हतं.

मी टेम्पो चालवतो, त्यातच घालून तिला भिवंडीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे ठाण्याच्या आसावरीबाई भेटल्या. त्यांच्याबरोबर दोन मोठी लॅब्राडोर कुत्री होती. बाई ती कुत्री घेऊन आजारी मुलांना भेटायला जायच्या. मुलं कुत्र्यांशी खेळतात, जरा मोकळी होतात, असं त्या म्हणाल्या. आता दापोड्याच्या गोदामात पूरग्रस्तांचा कॅम्प होता, तिथे जाणार होत्या. बोलता बोलता, चिडते का बघायला, त्यांनी भुरीचा कान ओढला, शेपूट ओढली, पंजा दाबला. भुरी हलली नाही.

"काका, इतकी शांत कुत्री मी पाहिली नाही. कोणी शिकवली?"

"शिकवली न्हाय. मालकीण वारली तिची."

बाईंनी भुरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "माणसांत राहिली तर कदाचित खाईलसुद्धा. आणता का रविवारी?"

त्या 'खाईल' शब्दासाठी मी गेलो.

गोदामात साड्या आणि चादरी बांधून एकेका कुटुंबाची जागा केली होती. बहुतेक कापडाच्या लूमवर काम करणारे, नदीकाठच्या वस्तीतले. घरं गेलेली. मुलं लॅब्राडोर बघून आधी लांब पळाली, मग जवळ आली.

"ए, ये कुत्ता है कि भैंस?"

"भैंस तो दूध देती है. ये क्या देगा, तेरा सर?"

बाई हसल्या आणि त्यांनी पट्टे सैल सोडले. लॅब्राडोरांनी पहिल्याच फटक्यात दोन पोरांची तोंडं चाटली. त्याबरोबर सगळ्या आया उठल्या. पोरं ओढून घेतली, ओरडाआरडा झाला. आसावरीबाईंना काही कळेना. "चावत नाहीत हो, प्रेमळ आहेत," म्हणत राहिल्या.

एक तरुण बाई पुढे आली. जैबुन तिचं नाव. तिचा नवरा रात्रपाळीला लूमवर होता, तिथेच पाण्यात गेला. ती शांतपणे म्हणाली, "काटने का डर नहीं है, मॅडम. थूक लग गया तो कपड़ा नापाक, तीन पानी से धोना पड़ता है. एक जोड़ी कपड़ा है बदन पे. टँकर से एक बाल्टी मिलती है. नमाज़ किसमें पढ़ें?"

बाईंचा चेहरा उतरला. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. बाईंनी कुत्री गाडीत नेऊन बसवली. जैबुनने मग भुरीकडे बोट दाखवलं. "ये चाटती है?"

"नाही," मी म्हणालो. "कुछ भी नहीं करती."

"तो इसको रहने दो. सूखा हाथ लगाएँगे बच्चे."

शिकवलेली कुत्री गाडीत राहिली आणि जगण्यातून उठलेली माझी भुरी पोरांमध्ये बसली. पोरं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "भूरी के अब्बा, ये सोई है क्या?"

जैबुनची मुलगी रुकैया सहा-सात वर्षांची होती. ती कुत्रीला हात न लावता नुसती जवळ बसली होती. पुढ्यात खिचडीची थाळी तशीच. बाप गेल्यापासून हीसुद्धा जेवत नाही, एक घास घेते आणि ठेवून देते, असं आईने सांगितलं. रुकैयाने एक घास खाल्ला, थाळी बाजूला सरकवली. भुरीने मान वर केली. उठली, थाळीपाशी गेली आणि कडेची खिचडी खाल्ली.

 रुकैयाने भुरीकडे पाहिलं, थाळीच्या दुसऱ्या कडेचा घास उचलला आणि तोंडात घातला. आईने पाहिलं तोवर थाळी रिकामी झाली होती. कोणी किती खाल्लं ते सांगता येत नव्हतं.

जैबुनने पोरीच्या हाताला धरून उठवलं. पोरीला चूळ भरायला लावली, हात धुतले, मग तीन पाण्यांनी थाळी धुतली. बादलीत तळाला पाणी उरलं. ती मला म्हणाली, "चाचा, आप देख रहे थे. बोले क्यों नहीं?"

"खा रही थी," मी म्हणालो. "बहुत दिन बाद."

तिने पोरीकडे पाहिलं. "हाँ. ये भी."

आसावरीबाई पुन्हा आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "काका, मी न विचारता गेले, चुकलंच." मी मात्र रोज दुपारी टेम्पोची फेरी संपवून जायला लागलो. सोबत तांदळाच्या भाकऱ्या न्यायचो आणि एक कॅन पाणी. जैबुनने नियम लावून दिला होता. पोरगी थाळीत जेवेल, भुरीचं तिच्या शेजारी कागदावर. आधी पोरीने घास घ्यायचा, मग भुरी खायची. पोरगी थांबली की भुरी थांबायची. म्हणून पोरगी खायची. भुरीच्या बरगड्या हळूहळू झाकत आल्या. घरी मात्र भुरी काही खात नव्हती. रविवारी टेम्पो बंद असला तरी मी जायचो.

वहिनी म्हणाली, "आता कुत्र्याचा डबा बांधतो का तुम्ही?"

"हो."

"बरा. मैना बघती असल."

गणपतीच्या आधी कॅम्प उठवायचा हुकूम आला. गोदामाच्या शेठला माल भरायचा होता. कोणाला सरकारी चेक मिळाला होता, कोणाला नाही. लोक नारपोलीला, कल्याणला, गावाला निघून गेले. जैबुनचा भाऊ मालेगावला लूमवर होता. त्याने बोलावलं होतं. तो स्वतःच एका खोलीत सात माणसांत राहायचा.

मी सकाळीच गेलो. रस्ताभर मनात वाक्य जुळवत होतो. "माझ्याकडे तीन खोल्या आहेत," मी म्हणालो. "खारबावला. मैं अकेला हूँ. तुम लोग उधर रहो. भाडा नहीं."

जैबुन बोचकं बांधत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "आपके गाँव में हमको रहने देंगे?"

 भावकीत काय बोललं जाईल ते मला ठाऊक होतं.

"और चाचा, सच बताना. हमको कुत्ते के लिए रखोगे?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण ती पाहत होती. "हाँ," मी म्हणालो.

ती हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "शुकर है, सच बोले. दूसरा कोई होता तो बोलता, तुम पे तरस आया." मग बोचक्याची गाठ आवळत म्हणाली, "नहीं होगा, चाचा. आप भी जानते हो."

त्यांना मीच टेम्पोतून भिवंडीच्या एसटी स्टँडवर नेलं. मागे बोचकी, रुकैया आणि भुरी. मालेगावची गाडी लागायला वेळ होता. मी भाकर काढली, कागद पसरला. रुकैया बाकावर हात मांडीवर ठेवून बसली.

"खा ले," जैबुन म्हणाली. "रास्ता लंबा है."

पोरीने मान हलवली.

"भूरी भूखी है, बेटा," मी म्हणालो.

पोरगी भुरीकडे बघत राहिली. तोंड उघडलं नाही. जैबुनने तुकडा मोडून तिच्या ओठांना लावला, तो खाली पडला. भुरीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पोरीकडे.

"रुकैया, खा," जैबुन ओरडली. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. जैबुनने पोरीला एक चापट मारली आणि मग स्वतःच पदरात तोंड लपवलं. पोरगी रडलीसुद्धा नाही.

गाडी लागली. मी बोचकी चढवून दिली. जैबुन खिडकीतून म्हणाली, "चाचा, इसको जबरदस्ती मत खिलाना." ती भुरीबद्दल बोलत होती. मी म्हणालो, "तुम भी मत मारना."

गाडी गेल्यावर मी बाकावर बसलो. भाकर मोडली आणि खायला लागलो. भूक अजिबात नव्हती, चावत राहिलो. अर्धी संपल्यावर उरलेली कागदावर ठेवून भुरीच्या पुढे सरकवली. तिने मान वळवली. मी आणखी एक घास खाल्ला, तिला दिसेल असा. मग आणखी एक. भाकर संपली. भुरी खाली मान टाकून पडली होती.

तिला उचलून टेम्पोत ठेवली. वजन पुन्हा कमी होईल, हे हाताला कळत होतं.