खडकावरचा हिरडा

चंद्राबाईने नेर्लेकर साहेबांना ओढ्याकडची वाट चुकवून माळावरून नेले आणि खडकावरच्या किडक्या हिरड्यापुढे उभे केले.

“ह्यो बघा. ह्याच्यावानी हिरडा मुळशीत न्हाई.”

साहेब पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेतले. त्यांनी खिशातून फीत काढून खोड मोजले. फीत पाहून चंद्राबाईला बरेच वाटले, वाट बदलली ते. तिच्या सासऱ्याची, अन् गावात घरोघरची, भाताची खाचरे धरणात गेली, तीसुद्धा आधी अशीच मोजून. दुधाने तोंड पोळलेली माणसे ती. ताकही फुंकून पिणारच. ओढ्याकाठचे हिरड्याचे चांगले झाड तिची वर्षाची मीठमिरची चालवत होते.

“सरकार ह्यापायी पगार देतं व्हय तुमाला?”

“देतं,” साहेब हसले. “हिरड्याने कातडं कमावतात. विलायतेचे कारखाने आता आफ्रिकेतल्या झाडांची साल घेऊ लागलेत. आपल्या हिरड्यात किती कस आहे, ते आधी कळायला हवं.”

“आन् झाडाचं काय?”

“झाड तुमचंच राहील.”

इतका गोड माणूस तिला मुळीच आवडला नाही. तिने त्यांची पिशवी किडक्या हिरड्याने भरून दिली.

पुढच्या हंगामात पौडचे व्यापारी बाबालाल रिकामी बैलगाडी घेऊन आले आणि रिकामीच घेऊन निघाले.

“औंदा हिरडा नगं, चंद्राबाई. त्या आफ्रिकेच्या सालीम्होरं आपला माल बोटीवर चढंना. सरकार हितं चांगल्या झाडांची कलमं लावून कारखाना काढनार हुतं. पर मुळशीच्या हिरड्यात कस न्हाई म्हनं.”

चंद्राबाईने त्याच सांजेला पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी ती ओढ्याकाठचा हिरडा घेऊन एस.टी.ने पुण्याला गेली.

साहेबांनी एक फळ फोडून निरखले. चेहरा उजळला, आणि लगेच पडला.

“हा कुठला?”

“माजाच हाय. वड्याकाठचा. तवा मी खोटं बोलले, सायेब. चुकलं माजं.”

“आणि आज खरं बोलताय, हे मी कशावरून मानू? भाव पडल्यावर कुठूनही आणला असेल. योजनेचा पैसा तर दुसऱ्या रानाला गेला.”

“गावात कुनालाबी इचारा, माजं चांगलं झाड कंचं त्ये.”

“गेल्या वर्षीच विचारलं होतं, तुमच्या माघारी,” साहेब म्हणाले. “घरटी विचारलं. सगळ्यांनी खडकावरचंच सांगितलं.”

चंद्राबाईने गावात कोणाला काहीच शिकवून ठेवले नव्हते.